लंडनच्या कोर्टात शेवटचा शब्द कुणाचा? इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांची आठशे वर्षांची गोष्ट

लोकमान्य टिळक लंडनमध्ये एक खटला जिंकले होते आणि एक हरले होते.

जिंकलेला खटला १९१५ सालचा. पुण्यातले सरदार बाबा महाराज यांच्या मृत्युपत्राचे टिळक एक विश्वस्त होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी घेतलेलं दत्तक वैध की अवैध, यावरून वाद पेटला आणि तो वर्षानुवर्षं चालला. मुंबई हायकोर्टात टिळकांच्या विरोधात गेलेला निकाल शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फिरवला.

हरलेला खटला १९१९ सालचा. 'द टाइम्स'चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात टिळकांवर हिंसेला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवला होता. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्यासाठी ते स्वतः इंग्लंडला गेले. जस्टिस डार्लिंग आणि ज्युरीसमोर सुनावणी झाली. निकाल चिरोल यांच्या बाजूने लागला आणि कोर्टाचा खर्चही टिळकांच्याच अंगावर पडला.

शहर एकच, पण कोर्टं वेगळी. १९१५ मध्ये टिळकांची बाजू ऐकली ती ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची अपिलं ऐकणाऱ्या समितीने. १९१९ मध्ये ऐकली ती इंग्लंडच्या हायकोर्टाच्या किंग्ज बेंच विभागाने. आजही विजय मल्ल्या किंवा नीरव मोदीची बातमी आली की 'लंडन कोर्ट', 'यूके हायकोर्ट', 'ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट' हे शब्द सरमिसळ वापरले जातात. प्रत्यक्षात ही तीन वेगळी दारं आहेत. आणि त्यातलं सुप्रीम कोर्ट तर २००९ पर्यंत अस्तित्वातच नव्हतं.

मग त्याआधी शेवटचा निकाल कोण देत होतं? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल: संसद.

राजा जिथे, कोर्ट तिथे

अकराव्या-बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये न्याय म्हणजे राजाचा दरबार. अडचण अशी की राजा एका जागी बसत नसे. आज इथे मुक्काम, पुढच्या महिन्यात तिथे. ज्याला दाद मागायची त्याने राजाच्या लवाजम्यामागे फिरायचं. दुसऱ्या हेन्रीने ११७८ मध्ये खटले ऐकण्यासाठी पाच जण नेमून दिले, तरी हा त्रास पूर्ण संपला नाही.

१२१५ च्या मॅग्ना कार्टाचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच्या १७ व्या कलमात एक अगदी व्यवहारी मागणी आहे: सामान्य माणसांचे आपापसातले दावे राजाच्या मागे फिरता कामा नयेत, ते एका ठरलेल्या जागी ऐकले जावेत. ती जागा ठरली लंडनचा वेस्टमिन्स्टर हॉल.

हळूहळू दरबारातून तीन कोर्टं वेगळी झाली. 'कोर्ट ऑफ कॉमन प्लीज'मध्ये लोकांचे आपसातले दिवाणी दावे चालत. 'किंग्ज बेंच'मध्ये राजाचा संबंध असलेली प्रकरणं आणि गंभीर गुन्हे. तिसरं 'एक्स्चेकर', म्हणजे राजाच्या महसुलाचं कोर्ट. हिशेब करताना टेबलावर बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटीचं कापड अंथरत, त्यावरून हे नाव पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात ते त्यामुळेच.

ही कोर्टं एकाच हॉलमध्ये लाकडी आडोसे घालून भरत. आजूबाजूला पुस्तकं आणि किरकोळ वस्तू विकणाऱ्यांचे ठेलेही असत.

गिऱ्हाईक पळवणारी कोर्टं

इथून गोष्ट मजेशीर होते. न्यायाधीश आणि कोर्टाच्या कारकुनांच्या कमाईचा मोठा भाग पक्षकारांच्या फीमधून येत असे. जास्त खटले म्हणजे जास्त पैसे. कर्जवसुलीचे दावे सगळ्यात जास्त, आणि ते होते कॉमन प्लीजच्या ताब्यात. मग बाकीच्या दोन कोर्टांनी काय करावं?

खोटं बोलावं. अधिकृतपणे, कागदावर, सगळ्यांच्या संमतीने.

किंग्ज बेंचला मिडलसेक्स या भागात झालेल्या आगळिकीची प्रकरणं ऐकता येत होती. त्यामुळे वसुली करणारा आधी लिहून देई की समोरच्याने मिडलसेक्समध्ये माझ्या जागेत घुसखोरी केली. घुसखोरी वगैरे काही झालेलीच नसे. पण त्या आरोपावरून तो माणूस कोर्टाच्या ताब्यात आला की घुसखोरी विसरायची आणि खरा, म्हणजे कर्जाचा दावा चालवायचा.

एक्स्चेकरची युक्ती वेगळी. तिथे वसुली करणारा म्हणे, 'मी राजाचं देणं लागतो. हा माणूस माझे पैसे देत नाही, त्यामुळे मला राजाचे पैसे फेडता येत नाहीत.' झालं, राजाच्या महसुलाचा प्रश्न! तो खरोखर राजाचं देणं लागतो का, हे कुणी तपासत नसे.

न्यायदानाच्या मुळाशी असलेला हा बनाव थोडाथोडका नाही, काही शतकं चालला. कायद्याने तो बंद केला १८३२ मध्ये.

किंग्ज बेंचची आणखी एक देणगी मात्र खरोखर मोलाची. सरकारी अधिकाऱ्याला किंवा खालच्या कोर्टाला राजाच्या नावाने हुकूम देणारे 'रिट' इथेच घडले. 'या कैद्याला माझ्यासमोर हजर करा' हा हेबिअस कॉर्पस, 'तुझं कर्तव्य पार पाड' हा मँडमस. भारताच्या राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६ मध्ये हीच लॅटिन नावं जशीच्या तशी आहेत. गंमत म्हणजे इंग्लंडने स्वतः त्यातली बरीचशी टाकून दिली. 'को वॉरंटो' हा रिट १९३८ मध्ये रद्द झाला, आणि २००४ पासून मँडमसला साध्या भाषेत 'आदेश बजावणारा हुकूम' अशा अर्थाचं इंग्रजी नाव मिळालं. मुंबई किंवा नागपूर खंडपीठात मात्र मँडमस आजही मँडमसच आहे.

कायदा कडक, मग दाद कुठे मागायची?

या कोर्टांचे नियम इतके आखीव होते की ठरलेल्या साच्यात न बसणाऱ्या तक्रारीला जागाच नव्हती. अशी माणसं थेट राजाकडे अर्ज करत. राजा ते अर्ज आपल्या मुख्य सचिवाकडे, म्हणजे लॉर्ड चान्सलरकडे पाठवू लागला. सुरुवातीचे चान्सलर बहुतेक धर्मगुरू. ते कायद्याच्या कलमापेक्षा सदसद्विवेकाने निवाडा देत. यातून 'कोर्ट ऑफ चान्सरी' उभं राहिलं आणि त्याच्या निवाड्यांना 'इक्विटी' म्हणू लागले. ट्रस्ट ही कल्पना, म्हणजे मालमत्ता एकाच्या नावावर पण फायदा दुसऱ्याचा, याच कोर्टात वाढली.

साहजिकच दोन्ही बाजूंचं भांडण झालं. एक कोर्ट म्हणे पैसे दे, दुसरं म्हणे देऊ नकोस. १६१५-१६ मध्ये सरन्यायाधीश एडवर्ड कोक आणि लॉर्ड चान्सलर एल्समिअर यांच्यात हा वाद इतका चिघळला की राजा पहिल्या जेम्सला मध्ये पडावं लागलं. त्याने चान्सरीच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून दोघांत विरोध आला तर इक्विटी वरचढ, हा नियम आजवर टिकून आहे.

पण जे कोर्ट गरिबाला दाद मिळावी म्हणून निघालं, तेच पुढे दिरंगाईचं दुसरं नाव झालं. एकोणिसाव्या शतकात चान्सरीत अडकलेले वारसाहक्काचे वाद पिढ्यान्पिढ्या चालत. चार्ल्स डिकन्सने 'ब्लीक हाऊस' कादंबरीत या कोर्टाची सालटी काढली. त्याला अनुभवही होता. 'अ ख्रिसमस कॅरल'ची चोरून नक्कल छापणाऱ्यांविरुद्ध तो १८४४ मध्ये चान्सरीत गेला आणि जिंकला. पण प्रकाशकांनी दिवाळखोरी जाहीर केली आणि खर्च डिकन्सच्याच माथी बसला.

१८७५: सगळं मोडून एक हायकोर्ट

१८७३ आणि १८७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी ही सगळी जुनी कोर्टं गुंडाळली आणि एकच 'हायकोर्ट ऑफ जस्टिस' आणि त्याच्यावर 'कोर्ट ऑफ अपील' उभं केलं. १ नोव्हेंबर १८७५ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. आता कोणत्याही न्यायाधीशाला कायदा आणि इक्विटी दोन्ही लावता येणार होते.

जुनी नावं मात्र लगेच गेली नाहीत. आधी हायकोर्टाचे पाच विभाग झाले, १८८० च्या अखेरच्या निर्णयानंतर तीन उरले. त्यातल्या एकात मृत्युपत्रं, घटस्फोट आणि जहाजांचे दावे असे तीन विषय एकत्र होते, कारण या तिघांचा कायदा रोमन आणि चर्चच्या परंपरेतून आला होता. वकील मंडळी त्याला 'मृत्युपत्रं, बायका आणि बुडालेली जहाजं' असं चेष्टेने म्हणत. हे कडबोळं १९७१ पर्यंत टिकलं.

१८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्ट्रँड रस्त्यावरच्या 'रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस' या इमारतीचं उद्घाटन केलं आणि वेस्टमिन्स्टर हॉलमधली कोर्टं तिकडे गेली. टीव्हीवर लंडनच्या कोर्टाची बातमी असेल तेव्हा मागे जी किल्ल्यासारखी, मनोरेवाली इमारत दिसते, ती हीच.

आजची रचना, मल्ल्याच्या निमित्ताने

आज हायकोर्टाचे तीन विभाग आहेत: किंग्ज बेंच, चान्सरी आणि फॅमिली. गादीवर राणी असली की पहिल्याचं नाव 'क्वीन्स बेंच' होतं. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ राणीचं निधन झालं आणि त्याच दिवशी पाट्या पुन्हा 'किंग्ज बेंच' झाल्या.

विभागांमधला फरक समजायला विजय मल्ल्याचं उदाहरण सोयीचं आहे. त्याला भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, हे आधी वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने ठरवलं. त्याविरुद्धचं अपील एप्रिल २०२० मध्ये हायकोर्टात फेटाळलं गेलं, ते क्वीन्स बेंचमधल्या प्रशासकीय न्यायालयात. जुलै २०२१ मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकाराने लढणाऱ्या भारतीय बँकांच्या अर्जावर त्याला दिवाळखोर जाहीर केलं, तेही हायकोर्टानेच. पण ते काम चान्सरी विभागाचं. दोन्ही बातम्यांत 'लंडन हायकोर्ट' एवढंच छापून आलं, आणि ते चूकही नव्हतं.

हैदराबादच्या निजामाचा पैसा आठवतोय? १९४८ मध्ये लंडनच्या बँकेत पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या नावावर गेलेले सुमारे दहा लाख पौंड वाढून साडेतीन कोटी झाले होते. ते पाकिस्तानचे नाहीत, भारत आणि निजामाच्या वारसांचे आहेत, असा निकाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, तोही चान्सरी विभागातून. पैसा एकाच्या नावावर, पण खरा हक्क कुणाचा, हा चान्सरीचा जुनाच प्रश्न.

हायकोर्टाच्या वर कोर्ट ऑफ अपील. त्याचे दिवाणी आणि फौजदारी असे दोन विभाग. दिवाणी विभागाच्या प्रमुखाचं पद 'मास्टर ऑफ द रोल्स', कारण मूळ माणूस चान्सरीच्या कागदांच्या गुंडाळ्या सांभाळत असे. संपूर्ण न्यायव्यवस्थेच्या प्रमुख म्हणजे लेडी चीफ जस्टिस. स्यू कार ऑक्टोबर २०२३ मध्ये या पदावर आल्या. मध्ययुगापासून चालत आलेल्या या पदावरच्या त्या पहिल्या महिला.

खून, बलात्कारासारखे गंभीर खटले ज्युरीसमोर चालतात ते क्राउन कोर्टात. लंडनचं प्रसिद्ध 'ओल्ड बेली' हे एक क्राउन कोर्टच आहे. ही कोर्टं १९७२ पासूनची, म्हणजे दिसतात त्या मानाने बरीच तरुण.

एक खुलासा गरजेचा: हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची कोर्टं वेगळी आहेत.

संसदेतच सर्वोच्च न्यायालय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. कोर्ट ऑफ अपीलच्या निकालावरही समाधान झालं नाही तर दाद मागायची ती संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये. सिद्धांत म्हणून कोणत्याही उमरावाला मत देता येत होतं, त्याला कायद्याचं ज्ञान असो वा नसो. १८४४ मध्ये आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचं अपील आलं तेव्हा कायदा न शिकलेले काही उमराव मत द्यायला निघालेही होते. त्यांना समजावून थांबवावं लागलं. मत फक्त कायदेपंडित उमरावांनी दिलं आणि ओकॉनेल सुटले. तेव्हापासून बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा संकेत पक्का झाला.

१८७३ च्या कायद्याने लॉर्ड्सचा हा अधिकार काढून घेतलाही होता. पण तो अमलात येण्याआधी ग्लॅडस्टन यांचं सरकार गेलं, डिझरायली यांचं आलं, आणि १८७६ मध्ये नवा कायदा करून अधिकार परत दिला गेला. बदल एवढाच की अपिलं ऐकण्यासाठी पगारी कायदेतज्ज्ञ उमराव नेमायचे. हेच 'लॉ लॉर्ड्स'.

दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यात पडझड झालेल्या संसद भवनाची दुरुस्ती सुरू होती. ठोकाठोकीचा आवाज सहन होईना म्हणून लॉ लॉर्ड्स १९४८ मध्ये वरच्या एका समितीच्या खोलीत जाऊन बसले. तात्पुरते! ती सोय पुढे साठ वर्षं चालली.

याहून विचित्र होतं लॉर्ड चान्सलरचं पद. भारतात कायदामंत्री, सरन्यायाधीश आणि राज्यसभेचे सभापती एकच व्यक्ती असेल तर? इंग्लंडमध्ये एकविसावं शतक उजाडेपर्यंत नेमकं तेच चालू होतं. जून २००३ मध्ये टोनी ब्लेअर यांनी मंत्रिमंडळाच्या फेरबदलासोबत हे पद रद्द करून सुप्रीम कोर्ट आणण्याची घोषणा करून टाकली, न्यायाधीशांना न विचारता. नंतर लक्षात आलं की असंख्य कायद्यांत या पदाचा उल्लेख आहे, घोषणेने ते जाणार नाही. शेवटी २००५ च्या कायद्याने पद ठेवलं, पण न्यायाधीशपण काढून घेतलं.

१ ऑक्टोबर २००९ ला सुप्रीम कोर्ट सुरू झालं. १२ न्यायाधीश, संसदेसमोरच्याच चौकात, मिडलसेक्स गिल्डहॉल या इमारतीत. न्यायाधीश सुनावणीला विग किंवा झगा घालत नाहीत आणि सुनावणी ऑनलाइन पाहता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित करणं बेकायदेशीर ठरवणारा निकाल वाचताना लेडी हेल यांनी लावलेला कोळ्याच्या आकाराचा ब्रोच तर निकालाइतकाच व्हायरल झाला होता. तो निकाल ११ विरुद्ध शून्य असा एकमताचा होता.

म्हणजे शेवटचा शब्द सुप्रीम कोर्टाचा?

नाही, आणि भारतीय वाचकांचा गोंधळ होतो तो इथेच. भारताचं सुप्रीम कोर्ट संसदेने केलेला कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द करू शकतं. ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट ते करू शकत नाही, कारण तिथे संसदेच्या वर बसणारी एकसंध लिखित राज्यघटनाच नाही. मानवी हक्क कायदा, १९९८ नुसार कोर्ट फार तर 'हा कायदा मानवी हक्कांशी विसंगत आहे' असं जाहीर करू शकतं. कायदा चालूच राहतो. बदलायचा की नाही, ते संसद ठरवते. सरकारची कृती मात्र कोर्ट बेकायदा ठरवू शकतं, म्हणून जॉन्सन अडकले.

या फरकाची किंमत आश्रय मागणाऱ्यांना रवांडा प्रकरणात कळली. त्यांना विमानात बसवून रवांडाला पाठवण्याची सरकारची योजना सुप्रीम कोर्टाने १५ नोव्हेंबर २०२३ ला एकमताने बेकायदा ठरवली. कारण: तिथून त्यांना छळ होणाऱ्या मायदेशी परत धाडलं जाण्याचा खरा धोका. सरकारने काय केलं? रवांडा सुरक्षित देश आहे असं संसदेत कायदा करूनच ठरवून टाकलं. एप्रिल २०२४ मध्ये तो मंजूर झाला. कोर्टाने पुरावे तपासून काढलेला निष्कर्ष बहुमताने पुसला गेला. योजना अखेर बारगळली, पण कोर्टामुळे नाही. जुलैत निवडणूक झाली आणि नव्या सरकारने ती गुंडाळली.

आणखी एक मर्यादा. फौजदारी आणि प्रत्यार्पणाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावण्यासाठी त्यात सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा आहे, असं खालच्या कोर्टाने मान्य करावं लागतं. मे २०२० मध्ये मल्ल्याला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नीरव मोदीला हायकोर्टाने हा दाखला नाकारला.

प्रिव्ही कौन्सिलचं काय झालं?

टिळक जिथे जिंकले ती प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती १८३३ च्या कायद्याने स्थापन झाली. भारतातून तिथे अपिलं जाणं १९४९ मध्ये बंद झालं. त्याआधी काही भारतीयही तिथे न्यायाधीश म्हणून बसले. त्यात मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

समिती मात्र बंद पडलेली नाही. ती आता सुप्रीम कोर्टाच्याच इमारतीत बसते आणि न्यायाधीशही बहुतेक तेच असतात. जमैका, त्रिनिदाद अशा देशांची अपिलं तिथे येतात. फाशीची शिक्षा झालेल्या जमैकातल्या दोन कैद्यांच्या प्रकरणात समितीने १९९३ मध्ये ठरवलं की पाच वर्षांहून जास्त काळ फाशीच्या छायेत ठेवणं ही अमानुष वागणूक आहे. त्या निकालाने कॅरिबियन देशांतल्या अनेक कैद्यांचे प्राण वाचले. आमच्या फाशीचा निर्णय लंडनने का घ्यायचा, असा संतापही त्यातून उसळला. २००५ मध्ये कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस सुरू झालं आणि बार्बाडोससारखे देश तिकडे गेले.

मॉरिशस गेला नाही. रत्नागिरी परिसरातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांची वस्ती असलेला हा देश १९९२ पासून प्रजासत्ताक आहे, राजाशी त्याचा संबंध उरलेला नाही. तरी तिथल्या नागरिकाचं शेवटचं अपील आजही लंडनच्या त्याच इमारतीत, बहुधा तिसऱ्या क्रमांकाच्या कोर्टरूममध्ये ऐकलं जातं.